बाबांच्या गाडीचं कॉम्प्रेशन

माझे सासरे मोजकं बोलतात. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, की आयटीआयमध्ये मी नेमकं काय शिकवते. मी म्हटलं, मोटरसायकलची दुरुस्ती. ते थोडा वेळ हातातल्या कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं आहे." पसंतीचा निरोप दोन दिवसांनी आला, पण त्या "बरं आहे"चा अर्थ मला पुढची तेरा वर्षं नीटसा लागला नाही.

त्या तेरा वर्षांत खाप्याला सासरी गेलं की माझ्या हाताला काही ना काही काम लागायचंच. शेजारच्यांची स्कूटी, फवारणीचा पंप, एकदा तर विहिरीवरची मोटर. बाबांच्या मोटरसायकलला मात्र मी कधी हात लावला नाही. त्यांनी मनाई केली होती असं नाही. मी जवळ गेले की ते उठून यायचे, गाडी स्टँडवरून काढायचे आणि इथे ऊन येतं म्हणून चार पावलं पलीकडे नेऊन लावायचे, एवढंच. रविवारी सकाळी ती ते स्वतः पुसायचे. काही बिघडलं तर बसस्टँडजवळच्या ठरलेल्या मिस्त्रीकडे न्यायचे आणि काम संपेपर्यंत त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहायचे.

गाडी शंभर सीसीची, काळी, किक मारून चालू होणारी. माझा नवरा दहावीला होता त्या वर्षी घेतलेली. संत्र्यांचे कॅरेट, ढेपेची पोती, खताच्या थैल्या आणि लग्नकार्याला जाताना एका बाजूला पाय सोडून बसलेल्या सासूबाई, हे सगळं तिनं वाहिलं होतं. सासूबाई म्हणायच्या, या गाडीले जेवढं बोलतात तेवढं मले बोलत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी शेतातून परत येताना बाबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळले. कोपर सोलवटलं, पुढचं मडगार्ड वाकलं, बाकी निभावलं. बाबांचं म्हणणं होतं की ट्रॉलीवाल्यानं न बघता गाडी मागे घेतली. माझ्या नवऱ्याला ते पटलं नाही. त्यानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दिवाळी झाल्यावर शहरात धंतोलीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि महिनाभर शेतातली धूळ नको म्हणून बाबांना आणि सासूबाईंना आमच्याकडेच ठेवून घेतलं. आम्ही शहरात मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे छोट्या वसाहतीत, राहतो.

आमच्या घरी बाबांना करण्यासारखं काही नव्हतं. काळा चष्मा लावून ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे. आठवडाभरात त्यांना गल्लीतल्या सगळ्या गाड्या आवाजावरून ओळखू यायला लागल्या. मी आयटीआयमधून परतले की वळणावरच त्यांना कळायचं आणि फाटक उघडलेलं असायचं.

तिसऱ्या आठवड्यात माझा नवरा शेत बघून येतो म्हणून खाप्याला बसनं गेला आणि परत आला तो बाबांच्या मोटरसायकलवर. तासाभराच्या रस्त्याला त्याला अडीच तास लागले होते. तीनदा गाडी बंद पडली, गरम झाल्यावर चालूच होईना, उड्डाणपुलाचा चढ दुसऱ्या गिअरवर चढावा लागला. खाप्याच्या मिस्त्रीनं दिवाळीआधीच सांगितलं होतं की इंजिन संपलं, आता सगळं खोलून बोअरिंग करा नाही तर विकून टाका. बाबा फाटकाशी उभे राहून हे ऐकत होते. मग त्यांनी गाडीजवळ जाऊन टाकीवरची धूळ तळहातानं पुसली आणि आत निघून गेले.

नवरा स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभा राहिला. दार लोटून घेतलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागणं आहे.

"तू ती गाडी तपास," तो म्हणाला, "आणि काही निघो, बाबांना सांग की इंजिन गेलं. मी बोललो तर भांडण होते. तू सांगशील तर ते मानतील."

मी विचारलं, इंजिन चांगलं निघालं तर काय करायचं. त्याचं म्हणणं, मिस्त्रीनंच संपलं म्हणून सांगितलं आहे, चांगलं कुठून निघणार. आणि निघालं तरी बाबांना ते कळायचं काय कारण. गाडी इथून कबाडीवाल्याकडे जाईल, बाबा शेतात जायला कोणाच्या तरी मागे बसतील, आपण निश्चिंत होऊ.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते रस्त्यावर नको होते. खाप्याच्या रस्त्यानं रेतीचे ट्रक कसे जातात ते मी पाहिलं आहे. बहात्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्यात अजून मोतीबिंदू तसाच. खोटं बोलायचं तर कारण चांगलं होतं. पण गेल्या तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची गाडी माझ्या हाताखाली येणार होती, आणि ती अशी यावी याचं मला वाईट वाटत होतं.

रविवारी नवरा सासूबाईंना घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेला. माझ्या नणंदेच्या घरी लग्न होतं, त्याची खरेदी होती. म्हणजे ते दोघं संध्याकाळशिवाय परत येणार नव्हते. मी गाडी अंगणात सावलीत घेतली आणि कपाटातून माझं कॉम्प्रेशन गेज काढलं. मनगटी घड्याळापेक्षा जरा मोठी तबकडी, तिला एक रबरी नळी, नळीच्या टोकाला स्पार्क प्लगच्या भोकात बसणारा आटा, एवढंच ते असतं. आयटीआयमध्ये दोन आहेत, पण विद्यार्थ्यांच्या हातून पडून पडून त्यांचे काटे खोटं बोलायला लागले आहेत, म्हणून मी स्वतःचं वेगळं ठेवते.

बाबा आतून आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि गाडीच्या उजव्या बाजूला मांडून बसले.

"काय करून राहिली वं?"

मी त्यांना सांगितलं की इंजिन किती झिजलं हे न उघडता बघायची ही एक पद्धत आहे. पिस्टन वर येताना हवा दाबतो. ती हवा किती दाबली जाते ते हा काटा दाखवतो. अशा इंजिनात नवं असताना बाराच्या आसपास जातो. दहा-साडेनऊ असेल तर वापरानं झिजलं, पण कामाचं आहे. आठच्या खाली गेला तर समजायचं की हवा कुठून तरी निसटते.

"दवाखान्यात बीपी पाह्यते तसं," ते म्हणाले.

मी म्हटलं, जवळपास तसंच.

आधी इंजिन गरम करायला हवं होतं. चौदाव्या किकला ते चालू झालं. थोडा निळसर धूर आला आणि मिनिटभरात थांबला. मी तो बघत होते, कारण पिस्टनच्या रिंगा गेलेलं इंजिन सहसा धूर टाकतच राहतं. इंजिनाचा आवाजही मला त्याच्या वयाच्या मानानं जास्तच शांत वाटला, पण त्याचा मी तेव्हा पुढे विचार केला नाही. दहा मिनिटांनी बंद करून प्लग काढला आणि गेज बसवलं.

या कामाला दोन माणसं लागतात. एकानं किक मारायची आणि दुसऱ्यानं रेस पूर्ण पिळून धरायची, म्हणजे इंजिनाला श्वास घेता येतो. मी बाबांना विचारलं की रेस धराल का. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि मूठ धरली. मी किक मारली. काटा टप्प्याटप्प्यानं वर गेला आणि पाचवर थांबला. मला ते फारच कमी वाटलं. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. वीस-बावीस वर्षं ज्या मुठीला त्यांनी कधी पाव वळणापेक्षा जास्त पिळलं नव्हतं, ती त्यांनी आताही तशीच हळुवार धरली होती.

"पूर्ण पिळा, बाबा. चावी बंद आहे, तिला काही होत नाही."

त्यांनी जड मनानं मूठ पूर्ण पिळली. मी पुन्हा सात-आठ किक मारल्या. काटा वर जाऊन थांबला. मी दम घेत होते तोवर बाबांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, तबकडीकडे वाकले आणि म्हणाले, "साडेसहा."

मी बघितलं. साडेसहाच होतं. महिन्यापूर्वी या माणसाला भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख दिसत नव्हती. त्यांना स्वतःलाही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी ते बारीक आकडे शून्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा बोट ठेवून वाचले. मी आणखी दोनदा किक मारून बघितली. दोन्ही वेळा साडेसहा.

आठच्या खाली म्हणजे वाईट हे मी त्यांना आत्ताच सांगितलं होतं, आणि आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. म्हणजे नवऱ्याला हवं होतं ते आपोआप झालं होतं. मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं. इंजिन गेलं बाबा, एवढं म्हणायचं, गेज काढायचं आणि चहा टाकायचा. मी नळीचा आटा सोडवायला हात पुढे केलासुद्धा.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "मंग हवा जाते कुठं?"

पंधरा वर्षं मी शिकवते आहे. दर वर्षी हा प्रयोग होतो. विद्यार्थी काट्याचा आकडा वहीत लिहितात, खाली माझी सही घेतात आणि जेवायला पळतात. हवा कुठे जाते हे मला आपणहून कोणी विचारावं म्हणून मी दर वर्षी थोडी थांबते, आणि क्वचितच कोणी विचारतं. आज विचारलं ते माझ्या सासऱ्यांनी. त्यानंतर गेज काढून ठेवणं मला जमलं नाही.

मी त्यांना सांगितलं की हवेला पळायला मुख्य वाटा दोन. एक खाली, पिस्टनच्या कडेनं, रिंगा झिजल्या असल्या तर. दुसरी वर, झडपांमधून. त्यातली कोणती हे ओळखायचं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं. ते पिस्टनच्या कडेला पसरतं आणि खालची फट तेवढ्यापुरती बुजवतं. मग काटा चढला तर दोष रिंगांचा. नाही चढला तर वरचा. बाबा उठले आणि स्वयंपाकघरातून एक स्टीलचा चमचा घेऊन आले. तो सासूबाईंचा भाजी वाढायचा चमचा होता. मी तो तसाच घेतला. नंतर तो माझ्या हत्यारांच्या पेटीत गेला आणि अजून तिथेच आहे.

तेल सोडून पुन्हा किक मारल्या. बाबांनी वाचलं, "सात." मग जरा वाकून, "सातच्या किंचित वर."

"म्हणजे रिंगा नाहीत," मी म्हटलं. "रिंगा असत्या तर काटा दोन-तीननं चढला असता."

"मंग वरचं."

"वरचं. पण ते इंजिन थंड झाल्याशिवाय मोजता येत नाही."

आम्ही हात धुऊन जेवायला बसलो. सासूबाईंनी सकाळीच वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. बाबा जेवताना कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं की थंड व्हायला किती वेळ लागेल. जेवण झाल्यावर ते झोपलेही नाहीत. थोड्या थोड्या वेळानं जाऊन इंजिनाला हात लावून यायचे. अडीच-पावणेतीनला आत येऊन म्हणाले, थंड झालं.

इंजिनाच्या डोक्यावर दोन छोटी झाकणं असतात. त्याखाली झडपा उघडणारे दांडे आणि त्यांच्या टोकाचे स्क्रू, ज्यांना सगळे टॅपेट म्हणतात. दांडा आणि झडप यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती मोजायला पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा येतो, पत्त्यांसारखा उघडतो. हवा आत घेणाऱ्या झडपेची फट कमी होती. धूर सोडणाऱ्या झडपेत तर सगळ्यात पातळ पट्टीही जाईना. फटच नव्हती. म्हणजे इंजिन तापलं, झडप लांबली, की ती पूर्ण मिटतच नव्हती, आणि दाबलेली हवा तिथून सायलेन्सरमध्ये पळत होती. गरम झाल्यावर गाडी चालू का होत नव्हती तेही त्यातच आलं. मी पट्टी बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्ही घालून बघा. त्यांनी बघितली. जात नव्हती.

"इतके घट्ट कसे झाले?" मी स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं. "वापरानं एवढे होत नाहीत. कोणीतरी आवळले आहेत."

बाबांनी पट्टी पुसून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "म्याच आवळाले लावले."

ते त्यांनी हळूहळू सांगितलं. गेलं वर्ष-दीड वर्ष गाडी टिकटिक वाजायला लागली होती. आधीही वाजत असेल, पण डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून त्यांना प्रत्येक आवाज मोठा वाटायचा. मिस्त्री म्हणायचा, टॅपेट थोडं वाजणारच. यांनी ऐकलं नाही. आवाज बंद कर म्हणून समोर बसून आवळून घेतले. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. आवाज गेला तेव्हा त्यांना वाटलं गाडी सुधारली.

"थो नाही म्हणे," ते म्हणाले. "म्याच म्हटलं, कर."

मला हसू आलं, आणि मी ते आवरलं नाही. तेही हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

दोन्ही टॅपेट पट्टी लावून बसवायला वीस मिनिटं लागली. झाकणं घट्ट केली, प्लग लावला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. टिकटिक यायला लागली, बारीक आणि एकसारखी. बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"वाजून राहिली."

"वाजू द्या, बाबा. एवढं वाजायलाच पाहिजे."

टाकलेलं तेल जळून जाणं गरजेचं होतं, नाही तर आकडा फुगून आला असता. मी म्हटलं, तीन-चार चकरा मारून येते. त्यांनी मान हलवली. मी लेआउटला चार चकरा मारल्या, शेवटची जरा दूरच्या रस्त्यानं. गाडी हलकी झाली होती, तिसऱ्या गिअरमध्ये ओढत होती. प्रत्येक चकरेला बाबा फाटकाशी उभे दिसायचे, कान रस्त्याकडे करून. परत आल्यावर आम्ही आपापल्या जागा घेतल्या. या वेळी त्यांनी मूठ न सांगता पूर्ण पिळली.

काटा सातच्या पुढे गेला, आठच्या, नऊच्या. शेवटी जिथे थांबला ते बाबांनी वाचलं. पावणेदहा. मी पुन्हा किक मारली. पावणेदहाच. मी सांगितलं की तेवीस वर्षांच्या इंजिनाला हे चांगलं म्हणायचं. झिजलं आहे, ते झिजणारच, पण उघडायची गरज नाही.

मी गेज काढून पुसत होते तेव्हा बाबांनी खुर्चीवरूनच विचारलं, "त्यानं तुले सांगतलं होतं ना? इंजन गेलं म्हणून सांग."

मी खाली बघूनच हो म्हटलं.

"मंग काहून नाही सांगतलं?"

मी जे होतं ते सांगितलं. म्हटलं, सांगणार होते. साडेसहा वाचलं तेव्हा सांगायलाच निघाले होते. पण तुम्ही हवा कुठे जाते म्हणून विचारलं, आणि ते मलाही बघायचं होतं.

बाबांनी टाकीवर हात ठेवला. मग म्हणाले, "हुशार आहेस वं. मी पह्यल्या दिवशीच म्हटलं होतं घरी. गाडी खोलणारी पोरगी आहे, हे घर सांभाळन." आणि जरा थांबून, "तुले कधी हात नाही लावू देल्ला. मले वाटे, तू पाह्यशीन अन् म्हणशीन, हे काय ठेवलं भंगार."

तेरा वर्षं मी उलटं समजत होते. मला वाटायचं, त्यांचा माझ्यावर भरवसा नाही. मी त्यांना तसं सांगितलं नाही. चहा टाकते म्हणून आत गेले आणि गॅससमोर जरा वेळ नुसती उभी राहिले.

नवरा आणि सासूबाई परतले तेव्हा गाडी अंगणात चालू होती आणि बाबा तिच्याजवळ उभे होते. नवऱ्यानं पिशव्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे इंजिन चांगलं आहे. त्याचा चेहरा उतरला. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, चला, बरं झालं, आणि खरेदी दाखवायला आत गेल्या.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी वाट बघत होते की पहिलं कोण बोलेल. नवऱ्यानं सुरुवात केली. इंजिन चांगलं असेल, पण रस्त्याचं काय, ट्रकचं काय, अशी. आवाज हळूहळू चढायला लागला. बाबांनी त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर म्हणाले, "ट्रॉली उभीच होती."

नवऱ्यानं मान वर केली.

"त्यानं मांगं नाही घेतली. उभी होती रस्त्याच्या बाजूले. मले दिसलीच नाही." त्यांनी भाकरी मोडली. "दुसऱ्या डोळ्याचं होऊ द्या. तवरिक गाडी इथंच राहीन. सूनबाईजवळ. मंग डाक्टर हो म्हणन तरच नेईन. अन् दिवसाच. मोठ्या रोडनं नाही जात, शेताच्या पांदणीनं जाईन."

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. त्या वाटेनं रेतीचे ट्रक जात नाहीत. माझ्या नवऱ्याला जे मिळवायचं होतं त्यातलं बरंचसं त्याला असं मिळालं, न मागता. थोड्या वेळानं त्यानं बाबांच्या ताटात भरीत वाढलं. सासूबाई विचारत राहिल्या, कोणती ट्रॉली, आणि मग एकदम म्हणाल्या, मले माहीत होतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी झालं. तोवर मी ती गाडी आठवड्यातून दोनदा आयटीआयला घेऊन जायची. माझी स्कूटी घरी ठेवून. एकदा वर्गातल्या प्रयोगालाही वापरली. आधी टॅपेट मुद्दाम आवळून, मग बरोबर करून, दोन्ही आकडे लिहायला लावले आणि मग मीच विचारलं, हवा कुठे गेली होती. मार्चमध्ये डॉक्टरांनी बाबांना हो म्हटलं. नवऱ्यानंच गाडी खाप्याला नेऊन दिली. अख्ख्या रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, हे त्यानं मला फोनवर दोनदा सांगितलं.

आता आम्ही खाप्याला जातो तेव्हा बाबा आधी फोन करून सांगतात, ते काट्याचं आणजो. मी नेते. मागच्या वेळी गेले तर बसस्टँडजवळचे ते मिस्त्री अंगणात बसलेले होते. बाबांनीच बोलावलं होतं. मला जरा अवघडल्यासारखं झालं. वाटलं, यांना राग आला असेल. पण ते माझ्याकडे आले आणि म्हणाले की मॅडम, दाब कमी लागला म्हणून मी इंजिनच गेलं समजलो, पण टॅपेट आवळू नका हे मी सांगत होतो, हे ऐकत नाहीत. बाबा म्हणाले, खरं आहे.

मिस्त्रींकडे गेज नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी कॉम्प्रेशन अंगठ्यानं बघितलं होतं. प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबायचा, दुसऱ्यानं किक मारायची आणि अंगठा किती जोरात उडतो त्यावरून ठरवायचं. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी हात पुसले, भोकावर अंगठा ठेवला. मी किक मारली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा त्यांनी पुरे म्हणून हात उचलला.

"साडेनऊ असन," ते म्हणाले.

मी गेज बसवलं. बाबा रेस पूर्ण पिळून उभे राहिले, आता खुर्ची त्यांना लागत नाही. काटा चढला आणि थांबला. बाबांनी चष्म्याशिवाय वाचला.

"साडेनवाच्या जराशा वर," ते म्हणाले. "अंगठा बराबर आहे."

मिस्त्री आपल्या अंगठ्याकडे बघून हसले. मी गेज त्यांच्या हातात दिलं आणि ते कसं बसवायचं ते दाखवलं. मग त्यांनी मला अंगठा कसा ठेवायचा ते शिकवलं. नख बाजूला, मांस भोकावर, आणि दाबायचं पण अडवायचं नाही. मी पहिल्या वेळी आठ म्हटलं, दुसऱ्या वेळी अकरा. दोन्ही चुकलं. बाबा म्हणाले, पाह्य अजून एकदा, आणि स्वतः किक मारायला उभे राहिले.